जमिनीवर घडा नाही

तीस वर्षं मी वर्गात मुलांना एकच रिकामी जमीन दाखवत आले. तर्कशास्त्राच्या पुस्तकातलं उदाहरणच तसं आहे. समोर जमीन आहे आणि तिच्यावर घडा नाही. मी विचारायची, "घडा नाही हे तुम्हाला कशानं कळलं?" मुलं म्हणायची, "दिसतंय की, बाई." मग मी म्हणायची, "दिसते आहे ती जमीन. नसलेला घडा डोळ्यांना कसा दिसेल?" इथे वर्ग गप्प व्हायचा, आणि तिथून पुढे शिकवायला मला फार आवडायचं.

कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी यावर ठाम उत्तर दिलं. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, अर्थापत्ती या पाच प्रमाणांच्या पंगतीत त्यांनी सहावं पान मांडलं, अनुपलब्धीचं. वस्तूचं न दिसणं हेसुद्धा ज्ञानाचं साधन आहे, असं ते म्हणाले. अद्वैत वेदान्त्यांनी ते मान्य केलं. नैयायिकांनी हे वेगळं प्रमाण मानलं नाही. पण एक अट दोन्ही पक्षांना मान्य होती, ती म्हणजे योग्यता. जी वस्तू दिसली नाही, ती अशी हवी की असती तर दिसलीच असती. लख्ख उजेड आहे, डोळे धड आहेत, मध्ये आडोसा नाही, तरी घडा दिसत नाही. मग घडा नाही. काळोख्या कोठीत घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही.

१९८९ साली, खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलानं हात वर केला. "बाई, देवही दिसत नाही. मग?"

हा प्रश्न अपेक्षित होता आणि उत्तरही तयार होतं. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वराच्या बाजूनं हाच मुद्दा मांडला आहे. ईश्वर इंद्रियांना दिसण्याजोगा नाही, म्हणजे 'योग्य' नाही. तेव्हा तो दिसत नाही यावरून तो नाही, असं ठरत नाही. मी तसं सांगितलं. मुलगा बसला नाही. म्हणाला, "म्हणजे एखादी गोष्ट दिसण्याजोगी नाहीच असं आधी जाहीर करून टाकलं, की पुढे तिच्याबद्दल कुणी काहीही बोललं तरी चालतं?"

तास संपत आला होता. "उद्या बोलू," असं म्हणून मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी पुढचा धडा घेतला. त्या मुलाला मी उत्तर दिलं नाही, आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही. हे माझ्या मनाला लागून राहिलं.

त्या प्रश्नाकडे मला परत नेलं माझ्या भाचीनं. ती पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती आणि दिवाळीच्या सुट्टीत वाईला माझ्याकडे आली होती. तिच्या प्रकल्पाचा विषय होता सुपरसिमेट्री. आपण मराठीत अतिसममिती म्हणू, पण ती सुपरसिमेट्रीच म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. मी म्हटलं, "मला समजेल असं सांग. सोपं करून नको, पहिल्या पायरीपासून सांग." ती स्वयंपाकघरात गेली आणि पाण्यानं अर्धी भरलेली वाटी घेऊन आली.

"मावशी, उजव्या तळव्यावर ही वाटी ठेव. बोटांनी धरायची नाही. पाणी सांडू न देता वाटी आतल्या बाजूनं, काखेखालून फिरवत एक पूर्ण फेरी घे."

मी फिरवली. वाटी पोटाकडून काखेखाली गेली, मागून बाहेर आली आणि पुन्हा समोर आली. पाणी तेवढंच, तळवा आकाशाकडेच. पण माझं कोपर वर गेलं होतं आणि हात खांद्यापासून पिळला होता.

"आता थांबू नकोस. त्याच दिशेनं दुसरी फेरी, या वेळी डोक्यावरून."

दुसऱ्या फेरीला हाताचा पीळ आपोआप उलगडला. वाटी समोर, कोपर खाली, खांदा मोकळा. मी पुन्हा करून पाहिलं. एका फेरीनं हात पिळतो, दोन फेऱ्यांनी सुटतो. दोन्ही फेऱ्या एकाच दिशेनं!

"इलेक्ट्रॉन असा असतो," भाची म्हणाली. इलेक्ट्रॉन काही भोवऱ्यासारखा गरगरत नसतो. पण त्याच्यात स्पिन नावाचा एक जन्मजात गुण असतो आणि त्याचं माप अर्धं आहे. अर्धं माप म्हणजे असं की एक पूर्ण फेरी झाल्यावर त्याचं गणिती वर्णन उलट चिन्हाचं होतं आणि दुसऱ्या फेरीनंतर मूळ पदावर येतं. क्वार्कही तसेच. अशा अर्ध्या स्पिनच्या कणांना एन्रिको फर्मींच्या नावावरून फर्मिऑन म्हणतात. आपण ज्याला पदार्थ म्हणतो तो सगळा यांचा बनलेला. दुसरी जात पूर्णांकी स्पिनची. प्रकाशाचा फोटॉन, अणुगर्भाला बांधून ठेवणारा ग्लुऑन, आणि शून्य स्पिनचा हिग्ज. हे बोसॉन. नाव सत्येंद्रनाथ बोस यांचं. १९२४ साली त्यांनी ढाक्याहून आपला निबंध आइन्स्टाइनना पाठवला होता.

या दोन जातींची वागणूक अगदी वेगळी. फर्मिऑन एसटीतल्या आरक्षित आसनासारखे: एका जागी एकच. १९२५ साली पाउलींनी हा नियम सांगितला, आणि अणूंना आकार आहे, मिठाला मिठाचे आणि लोखंडाला लोखंडाचे गुण आहेत, ते या नियमामुळे. बोसॉन दिंडीतल्या टाळांसारखे. शंभर टाळ एका ठेक्यात मिसळून जातात, कुणी कुणाची जागा अडवत नाही.

आता सममिती. माझ्या अंगणातल्या कमळाच्या रांगोळीला सहा पाकळ्या असतात. ती साठ अंशांनी फिरवली तर फिरवल्याचं कुणाच्या लक्षात येणार नाही. काहीतरी केलं आणि केल्याची खूण उरली नाही, तर तिथे सममिती आहे. सुपरसिमेट्रीचं म्हणणं असं की निसर्गाच्या मुळाशी एक अशी क्रिया आहे, जी फर्मिऑनला बोसॉन करते आणि बोसॉनला फर्मिऑन, तरी नियमांवर खूण उरत नाही. मग प्रत्येक कणाला दुसऱ्या जातीतला एक जोडीदार हवा. इलेक्ट्रॉनचा सिलेक्ट्रॉन, क्वार्कचा स्क्वार्क, फोटॉनचा फोटिनो, ग्लुऑनचा ग्लुइनो.

ही कल्पना एकाच वेळी अनेक ठिकाणी उगवली. १९७१ साली मॉस्कोत गोलफांद आणि लिख्तमान यांनी ती मांडली. पुढच्या वर्षी खारकिव्हमध्ये वोल्कोव्ह आणि अकुलोव्ह वेगळ्या वाटेनं तिच्यापाशी पोचले. १९७४ साली वेस आणि झुमिनो यांच्या निबंधानं तिचा जगभर बोलबाला झाला. त्याच्या आधी, १९६७ साली कोलमन आणि मांडुला यांनी सिद्ध केलं होतं की अवकाश-काळाच्या ज्ञात सममितींमध्ये आणखी काही खऱ्या अर्थानं मिसळायला जागाच नाही. त्यांच्या गृहीतकांत एक फट राहिली होती. १९७५ साली हाग, लोपुशान्स्की आणि सोनिउस यांनी दाखवलं की त्या फटीतून आत येऊ शकते ती सुपरसिमेट्रीच.

भाचीनं मग वहीत एक समीकरण लिहिलं आणि म्हणाली, "मला हे सगळ्यात आवडतं." सुपरसिमेट्रीची क्रिया आणि तिची जोडक्रिया एकापाठोपाठ केली की कण मूळ जातीत परत येतो, पण अवकाश-काळात किंचित सरकलेला असतो. इकडून तिकडे जाणं ही आपल्याला सगळ्यात साधी वाटणारी गोष्ट. ती म्हणजे आणखी खोलवरच्या एका क्रियेची दुहेरी घडी असावी, असं ते समीकरण सुचवत होतं. मला त्यातलं गणित येत नव्हतं, पण एखादा श्लोक कानावर पडताच अर्थाआधी त्याची लय लागावी तसं झालं.

त्याच पानावर एक नाव दिसलं आणि मी चमकले. ग्रासमान. "हे कोण?" मी विचारलं. ती म्हणाली, "याचे अंक वापरतात. साध्या अंकांत दोन गुणिले तीन आणि तीन गुणिले दोन सारखेच. ग्रासमानच्या अंकांत क्रम उलटला की चिन्ह उलटतं. त्यामुळे कुठलाही अंक स्वतःनंच गुणला की शून्य." एका जागी तोच फर्मिऑन दोनदा ठेवू गेलं तर हाती शून्य, पाउलींचा नियम या अंकांच्या अंगातच आहे. १९७४ साली अब्दुस सलाम आणि स्ट्रॅथडी यांनी असेच अंक जोडून अवकाश-काळाचा विस्तार केला, त्याला सुपरस्पेस म्हणतात.

मी कपाटाकडे पाहिलं. एम.ए.ला असताना पुण्यात ग्रंथालयात बसून मी ज्या ऋग्वेदाच्या कोशातून शब्द उतरवून घेत असे, तो कोशही ग्रासमानचाच. तेच हेर्मान ग्रासमान! श्टेटिन गावातले शाळामास्तर. १८४४ साली त्यांनी हे गणित पुस्तकरूपानं छापलं, पण त्या काळी फारसं कुणी ते वाचलं नाही. उतारवयात ते संस्कृतकडे वळले, ऋग्वेदाचा कोश केला, जर्मन भाषांतर केलं, आणि १८७७ साली वारले. ऋग्वेदात सुपरसिमेट्री आहे असं मी म्हणत नाही आणि कुणी म्हणू नये. एका शिक्षकानं दोन वेगळ्या वह्या मन लावून लिहिल्या, त्यातली एक माझ्या हाती आली आणि दुसरी चाळीस वर्षांनी माझ्या भाचीच्या. मला त्याचा आनंद झाला, एवढंच.

इथवर सगळं सौंदर्य होतं. पण सुंदर आहे म्हणून खरं आहे का? मी भाचीला विचारलं, "हे जोडीदार कुणी पाहिलेत?"

"नाही. एकही नाही."

माझ्या डोळ्यांसमोर ती जुनी जमीन आली. घडा नाही.

भाचीनं सांगितलं की सुपरसिमेट्री अगदी बिनतुटीची असती, तर सिलेक्ट्रॉन इलेक्ट्रॉनइतकाच हलका असता आणि केव्हाच सापडला असता. इतकंच काय, सिलेक्ट्रॉन बोसॉन असल्यामुळे सगळे एकाच तळाच्या पायरीवर जाऊन बसले असते आणि रसायनशास्त्र आजच्यासारखं राहिलंच नसतं. तेव्हा ही सममिती निसर्गात असलीच तर मोडलेली असणार आणि जोडीदार जड असणार. पण किती जड? इथे हा विषय वाऱ्यावरच्या गप्पांपासून वेगळा होतो. कारण शास्त्रज्ञांना हे जोडीदार एका कामासाठी हवे होते.

ते काम हिग्जचं. हिग्ज कणाचं वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट आहे. पुंजभौतिकी सांगते की भोवतालच्या सगळ्या कणांच्या क्षणिक हालचालींची भर या वस्तुमानात पडते, आणि ती भर हिग्जला कैक पटींनी जड करायला हवी. ते होत नाही. जमाखर्चाच्या वहीत जमेला तीस-तीस आकडी रक्कम, खर्चालाही तशीच, आणि शिल्लक काही रुपये, असा हिशेब लागावा तसं हे आहे. एकतर विलक्षण योगायोग म्हणायचा, नाहीतर प्रत्येक खर्चासमोर कुणीतरी जमेची नोंद मांडून ठेवलेली असणार. फर्मिऑन आणि बोसॉन यांची भर उलट चिन्हांची असते. प्रत्येकाला जोडीदार असेल तर नोंदी एकमेकींना छेदतात आणि हिशेब आपसूक जमतो. मात्र जोडीदार फार जड असले तर नोंदी जुळत नाहीत. म्हणून अंदाज असा निघाला की ते प्रोटॉनच्या हजार पटींच्या आसपास असावेत. शिवाय त्यातला सगळ्यात हलका आणि टिकाऊ कण विश्वातलं न दिसणारं कृष्णद्रव्य असू शकेल, असंही लक्षात आलं.

म्हणजे या मंडळींनी योग्यता ठरवून दिली. अमुक वजनाचा घडा, अमुक जमिनीवर, अमुक उजेडात दिसायला हवा.

मग उजेड करणं आलं. जिनिव्हाजवळ जमिनीखाली साधारण शंभर मीटरवर २७ किलोमीटर घेराचा बोगदा आहे. तिथे आधी एलईपी हे यंत्र होतं, ते २००० साली थांबलं. शिकागोजवळचं टेव्हाट्रॉन २०११पर्यंत चाललं. दरम्यान जिनिव्हाच्या त्याच बोगद्यात लार्ज हेड्रॉन कोलायडर उभं राहिलं. त्याच्यावरच्या सीएमएस या शोधयंत्राच्या बांधणीत आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचाही हात आहे. प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतात आणि तुकडे चहूकडे उडतात.

जोडीदार शोधायची पद्धत ऐकून मी थक्क झाले. सगळ्यात हलका जोडीदार कुठल्याच यंत्राला न शिवता निघून जाणार. मग तो ओळखायचा कसा? टकरीआधी बाजूच्या दिशेनं काहीच गती नव्हती, म्हणून टकरीनंतरही बाजूच्या सगळ्या धक्क्यांची बेरीज शून्य यायला हवी. कॅरमची फोड झाली, सगळ्या सोंगट्या डावीकडे गेल्या आणि उजवीकडे काहीच दिसलं नाही, तर उजवीकडे न दिसणारं काहीतरी गेलं असलं पाहिजे. न्यूट्रिनोही असेच निसटतात, त्यांचा हिशेब आधी वजा करायचा. उरलेली तूट हीच खूण. दिसणाऱ्या गोष्टींचा हिशेब इतका चोख ठेवायचा, की न दिसणाऱ्याची जागा त्यात उमटावी.

४ जुलै २०१२ला हिग्ज सापडल्याचं जाहीर झालं. भाकीत १९६४चं, ४८ वर्षं वाट पाहिली होती. पुढे टकरींची ऊर्जा जवळजवळ दुप्पट झाली. जोडीदार मात्र आले नाहीत.

भाचीनं मला एक आलेख दाखवला. आडव्या रेषेवर ग्लुइनोचं वजन, उभ्या रेषेवर सगळ्यात हलक्या जोडीदाराचं. मधून एक वळणदार रेघ. रेघेच्या आतल्या भागात शोधलं, तिथे नाही. बाहेरच्या भागाविषयी अजून काही म्हणता येत नाही. सोप्या गृहीतकांपुरतं बोलायचं तर प्रोटॉनच्या दोन हजार पटींपर्यंतचा ग्लुइनो नाही.

मी तो आलेख बराच वेळ बघत बसले. आमच्या न्यायशास्त्रात नुसतं 'नाही' म्हणता येत नाही. कशाचा अभाव ते सांगावं लागतं, त्याला प्रतियोगी म्हणतात. आणि कुठे अभाव ते सांगावं लागतं, त्याला अधिकरण म्हणतात. घड्याचा अभाव, या जमिनीवर. त्या कागदावर प्रतियोगी होता, अधिकरण होतं आणि योग्यताही होती. अभावाचा असा नीट काढलेला नकाशा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. हजारो माणसांनी वर्षानुवर्षं खपून मिळवलेलं ते ज्ञान होतं. 'काहीच सापडलं नाही' असं त्याला म्हणू नये.

भाचीच्या टेबलावर रोहिणी गोडबोले यांनी मान्युएल ड्रेस आणि प्रबीर रॉय यांच्याबरोबर लिहिलेलं २००४ सालचं जाडजूड पुस्तक होतं, याच जोडीदार कणांवरचं. गोडबोले पुण्याच्या. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवलं. हे कण असतील तर कुठे आणि कसे दिसतील, हा त्यांच्या कामाचा मोठा भाग. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या, तोवर एकही जोडीदार सापडलेला नव्हता. त्यांचं काम वाया गेलं असं मला क्षणभरही वाटत नाही. घडा कसा दिसेल हे आधी कुणी नेमकं सांगितलं नसतं, तर 'घडा नाही' म्हणायचा अधिकार कुणालाच मिळाला नसता.

अशा वाट पाहण्याचा शेवट दोन्हीकडे होऊ शकतो. फ्रान्सचे ल व्हेरिए यांनी युरेनसची चाल चुकते आहे असं पाहून कागदावर एका अज्ञात ग्रहाची जागा काढली. २३ सप्टेंबर १८४६च्या रात्री बर्लिनमध्ये गाले यांनी दुर्बीण लावली आणि सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून मिळाला. मग बुधाचीही चाल थोडी चुकते हे पाहून त्यांनी तशाच विचारानं सूर्याजवळच्या आणखी एका ग्रहाचं भाकीत केलं. त्याला व्हल्कन नावही मिळालं. लोक शोधत राहिले. तो नव्हताच. १९१५ साली आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणानं बुधाच्या चालीचा उलगडा केला. तोच माणूस, तीच पद्धत, तोच आत्मविश्वास. आतून पाहिलं तर नेपच्यूनवरचा आणि व्हल्कनवरचा विश्वास सारखेच भासले असणार. फरक कळला तो आकाशाकडे पाहिल्यावर.

आणि असं शोधतच राहण्याचा मोह सुपरसिमेट्रीच्या वाटेवरही आहे. नाही सापडला? मग जोडीदार आणखी जड असतील. आणखी नाही सापडला? आणखी जड. गणित याला मनाई करत नाही. पण प्रत्येक वेळी रेघ मागे सरकवली, की ज्या हिशेबासाठी हे जोडीदार बोलावले होते तो हिशेब थोडा थोडा बिघडत जातो. हे मान्य करणारी माणसंही शास्त्रज्ञांत आहेत. २००० साली कोपनहेगनमध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी ठरलेल्या मुदतीत जोडीदार सापडतील की नाही यावर लेखी पैज लावली होती. मुदत एकदा वाढवली. २०१६च्या ऑगस्टमध्ये हरलेल्या बाजूनं जिंकलेल्यांना कोन्याकच्या बाटल्या दिल्या. त्यांच्यातल्या काहींची या कल्पनेवरची श्रद्धा तरीही कायम असेल. पण जे आधी बोललो होतो त्याप्रमाणे झालं नाही, हे त्यांनी चारचौघांत मान्य केलं.

हे ऐकताना मला माझं घर आठवलं.

२००३ साली माझे यजमान फार आजारी पडले आणि बरे झाले. तेव्हा सगळे म्हणाले, देवानं हात दिला. मीही म्हटलं. ढोल्या गणपतीला जाऊन नारळ ठेवला. २०११ साली ते पुन्हा आजारी पडले. मी नवस बोलले. रोज पहाटे घाटावर जात होते. ते गेले. तेराव्याला आलेल्या नातेवाइकांपैकी एकजणी म्हणाल्या, "नवस पूर्ण मनानं नसेल झाला." दुसरे म्हणाले, "देवाची योजना आपल्याला कळत नाही." त्यांना मला दुखवायचं नव्हतं, पण मी फार दुखावले. का, ते तेव्हा शब्दांत सांगता आलं नाही. आता सांगता येतं.

२००३ साली देव 'योग्य' होता, दिसण्याजोगा होता, दवाखान्यातल्या त्या खाटेपाशी त्याचा हात आम्हांला दिसला. २०११ साली तोच देव एकाएकी 'अयोग्य' झाला, दिसण्यापलीकडचा. घडा दिसला की म्हणायचं उजेड आहे, आणि दिसला नाही की म्हणायचं अंधार आहे. खिडकीजवळच्या त्या मुलाला हेच विचारायचं होतं. उदयनाचार्यांचा मुद्दा त्यानं नाकारला नव्हता. त्या मुद्द्याची किंमत तुम्ही चुकती करणार का, असं तो विचारत होता.

किंमत ही: देव इंद्रियांपलीकडचा आहे असं म्हणायचं असेल, तर ते सगळ्या दिवसांसाठी म्हणावं लागेल. मग त्याच्या न दिसण्यातून कुणाला त्याचा अभाव काढता येणार नाही, आणि माझ्या बऱ्या झालेल्या माणसातून मलाही त्याचा पुरावा काढता येणार नाही. आणि देव अमुक केलं की अमुक देतो असं म्हणायचं असेल, तर ते न मिळाल्याचा दिवसही वहीत मांडावा लागेल, कोणाच्या मनाला दोष न देता. दोन्हीतलं काहीही प्रामाणिकपणे मानता येतं. दिवस पाहून बाजू बदलणं मात्र मला खोटं वाटतं, आणि त्या खोट्याची झळ नेहमी आधीच दुःखात असलेल्या माणसाला बसते.

सौंदर्याविषयीही मला हेच म्हणायचं आहे. सुपरसिमेट्री सुंदर आहे. तिच्यामुळे शुद्ध गणितातही नव्या वाटा खुल्या झाल्या. एडवर्ड विटेन यांचं १९८२चं काम त्यातलं मोठं. हे सौंदर्य खरं आहे आणि कुठलंही यंत्र ते काढून घेऊ शकत नाही. कुठे शोधायचं हे सांगण्याचा अधिकारही त्या सौंदर्याला आहे, कारण काहीच सुंदर वाटलं नसतं तर २७ किलोमीटरच्या बोगद्यात कोण उतरलं असतं? पण सापडलं की नाही, हा निवाडा त्याच्या हातात देता येत नाही. माझ्या श्रद्धेचंही तसंच आहे. पहाटे कृष्णेच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की मन निवतं, ऊर भरून येतो, रडूही येतं. हे माझं खरं आहे. त्यातून जगाचा कारभार कसा चालतो याचा निष्कर्ष मी काढायची, ते मी सोडलं आहे.

लोक विचारतात, मग देव आहे की नाही ते सांगा. मला सांगता येणार नाही. मी एवढंच करू शकले. भाची परत गेल्यावर त्या आलेखाच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी पेन्सिलीनं एक रेघ काढली. रेघेच्या आत लिहिलं: नवस पुरवणारा, आजार परतवणारा, माझ्या बाजूनं हिशेब फिरवणारा. त्याखाली लिहिलं: २०११, या घरात, पूर्ण मनानं शोधलं, नाही. 'पूर्ण मनानं' हे शब्द लिहिताना हात थांबला नाही. त्या नातेवाइकांना जे उत्तर द्यायचं राहिलं होतं ते मी कागदावर दिलं.

रेघेबाहेरची जागा कोरी ठेवली आहे. तिथे काही लिहायचं तर आधी कसं आणि कुठे दिसेल ते लिहावं लागेल, आणि ते मला अजून सुचलेलं नाही. कागद न्यायकुसुमांजलीत घालून ठेवला आहे. तो मुलगा आता पन्नाशीपलीकडे असेल. कधी भेटला, तर "उद्या बोलू" म्हटलेलं पुरं करायचं आहे.